अवघड धडे हिच्याकडे

५ जानेवारी
ऑफिसात सर्क्युलर फिरलं. आमच्या जावक विभागाचे प्रमुख वर्षअखेर निवृत्त होणार. त्यांच्या जागी पदवीधर हवा, तोही कॉमर्सचा. वाचून हातातला शिक्का हातातच राहिला. इतकी वर्षं मी या विभागात चलनांवर शिक्के मारतोय. माझ्या शिक्क्याशिवाय एक नटबोल्ट गेटबाहेर गेला नाही. आणि आता यांना पदवी हवी! कंपनीनं केसानं गळा कापला.
साहेबांना भेटलो. म्हणाले, तुमचं बीकॉमचं शेवटचं वर्ष राहिलंय ना, ते यंदा उरका, जागा तुमची. नाहीतर शिडीचा विचार करावा लागेल. शिडी म्हणजे आमच्याकडचा नवा पोरगा. उंच आहे आणि वर चढायची घाई आहे. कॉमर्सचा पदवीधर, पण शिक्का अजून तिरका मारतो.
ठरलं. यंदा बीकॉम. परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे वेळच वेळ.

६ जानेवारी
पहाटे उठून अभ्यास करायचं ठरवलं होतं. घरात कोणी उठवलं नाही. हिला विचारलं, तर म्हणाली, दोनदा उठवलं, दुसऱ्यांदा तुम्ही मला ओरडलात. झोपेतल्या माणसाचं बोलणं ही बाई मनावर घेते.

११ जानेवारी, रविवार
अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी. कन्येची खोली ताब्यात घेतली. कन्या आठवीत आहे, तिला एवढ्या जागेचं काय काम? तिनं पुस्तकं उचलली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरमालक आणि ती भाडेकरू. टेबल खिडकीकडून भिंतीकडे फिरवलं. खिडकीतून लक्ष विचलित होतं. मग भिंतीकडे बघून झोप येऊ लागली, म्हणून पुन्हा खिडकीकडे फिरवलं. दिवस सत्कारणी लागला.

१५ जानेवारी
वेळापत्रक तयार केलं. चार रंगांत. हिशेबाला निळा, कायद्याला लाल, टॅक्सला हिरवा, विश्रांतीला पिवळा. लांबून पाहिलं तर एकूण पिवळं दिसतं, पण तो रंगच भडक.

१८ जानेवारी, रविवार. दुपार.
आज डोक्यात अशी कल्पना आली की स्वतःचाच हेवा वाटला.
आमच्या हिचंही बीकॉम शेवटच्या वर्षाला अडकलंय. माझं नोकरीमुळे, हिचं लग्नामुळे. मग हिलाही फॉर्म भरायला लावायचा! एक्स्टर्नल विद्यार्थ्यांचे नंबर आडनावाप्रमाणे लागतात. आमचं आडनाव एक. हिचं नाव माझ्या आधी येतं. म्हणजे हॉलमध्ये पुढच्या बाकावर ही आणि मागच्या बाकावर मी. मग सगळा अभ्यासक्रम दोघांनी करायची गरजच काय? अर्धा तिनं, अर्धा मी. तिच्या वाट्याचं मी ऑप्शनला टाकायचं आणि तिथे गरज पडेल तेव्हा तिच्या पेपरवर नजर टाकायची. याला कॉपी म्हणत नाहीत. याला सहकार्य म्हणतात. सहकारी संस्थांवर अभ्यासक्रमात अख्खा धडा आहे.
हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. काही बोलली नाही. गप्प बसली म्हणजे कबूल.

१९ जानेवारी
धड्यांची वाटणी केली. अगदी न्यायानं. प्रत्येक विषयातला अर्थ, व्याख्या, स्वरूप, महत्त्व आणि फायदे-तोटे हे माझ्याकडे. उरलेलं हिच्याकडे. म्हणजे गणितं, कॉस्टिंग, टॅक्सची आकडेमोड, ऑडिटिंगची पद्धत आणि करार कायदा. ही वाटणीच्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मी समजावलं की पाया माझ्याकडे आहे, जबाबदारी मोठी आहे. तुझ्याकडे फक्त वरचं बांधकाम.
कन्या म्हणाली, बाबा, आईकडे पुस्तकाची जाडी जास्त आली. जाडीवरून ज्ञान मोजणारी ही पिढी.

२३ जानेवारी
फॉर्म भरायचे होते. मी नवीन पेन निवडत होतो. सहीचं पेन हातात बसायला हवं, नाहीतर पुढे प्रमुख झाल्यावर पंचाईत. मध्येच ही विचारत होती की तिच्या दुसऱ्या वर्षाच्या मार्कशीटवर वेगळं नाव आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र का काय ते करायचं का. मी म्हटलं, तुझे कागद तू बघ, माझी तंद्री मोडू नकोस. शेवटी काळ्या शाईचं घेतलं.

२ फेब्रुवारी
अभ्यासाची सुरुवात उद्यापासून पक्की. आज फक्त पुस्तकांना कव्हरं घातली.

८ फेब्रुवारी, रविवार
अभ्यासाच्या एका पद्धतीचा शोध लागला. आपलं डोकं डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त शिकतं. म्हणून हिनं मोठ्यानं वाचायचं आणि मी पलंगावर डोळे मिटून मनन करायचं. आज ऑडिटरच्या कर्तव्यांवर मनन केलं. जाग आली तेव्हा... म्हणजे मनन संपलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. ही आपला भाग घेऊन स्वयंपाकघरात गेली होती आणि ओट्याशी उभी राहून गणित सोडवत होती. मला न सांगता! मध्येच सोडून जाणं ही हिची जुनी सवय.

१२ फेब्रुवारी
शिडीनं स्वतःच्या बीकॉमच्या नोट्स आणून दिल्या. म्हणाला, काका, उपयोग होईल. मी थँक्यू म्हटलं, पण मनात ओळखलं. हा मला चुकीच्या नोट्स देऊन नापास करणार आणि जागा पटकावणार. इतका साधा डाव मला कळत नाही असं त्याला वाटतं. शिवाय काका! माझ्यापेक्षा फार तर पंधरा-सोळा वर्षांनी लहान असेल. नोट्सचा गठ्ठा न उघडता हिच्याकडे दिला. म्हटलं, रद्दीत टाक.

२० फेब्रुवारी
सर्दी.

२१ फेब्रुवारी
सर्दी बरी. पण अशक्तपणा.

१ मार्च, रविवार
हिच्याकडे खालच्या मजल्यावरच्या सीए बाई येऊ लागल्यात. घरीच ऑफिस आहे त्यांचं, येणारेजाणारे सारखे जिन्यात बसलेले. बाई हिला कॉस्टिंग शिकवतात आणि हसतात. कॉस्टिंगमध्ये हसण्यासारखं काय असतं ते मला माहीत नाही, तो धडा माझ्याकडे नाही. मी आत पाणी मागायला गेलो, तर दोघी गप्प झाल्या. मी गेल्यावर परत सुरू. माझ्याच घरात मला परक्यासारखं वाटलं. मन लागलं नाही, म्हणून आज अभ्यास नाही.

८ मार्च, रविवार. संध्याकाळ.
रंगीत तालीम. बैठकीत दोन खुर्च्या एकीमागे एक मांडल्या. पुढे ही, मागे मी. कन्या सुपरवायझर. खुणा ठरवल्या. मी एकदा खोकलो की पान उलट. दोनदा खोकलो की पेपर उजवीकडे सरकव. पाठीला पेन टोचलं की उत्तर चुकलंय का ते बघ. म्हणजे माझं नाही, तिचं.
अडचणी बऱ्याच निघाल्या. हिचा अंबाडा नेमका मध्ये येतो. म्हटलं, परीक्षेच्या दिवशी वेणी घाल आणि डाव्या बाजूला घे. हिचं अक्षर बारीक. म्हटलं, मोठं काढ. ही हात टेबलावर असा ठेवते की निम्मी ओळ झाकली जाते. म्हटलं, कोपर आत. पेन टोचलं, तर दचकली आणि शाईचा ओरखडा उठला. म्हटलं, दचकायचं नाही. सरळ बस. जरा खाली बस. पुन्हा सरळ.
कन्येनं मला तीन वेळा पकडलं आणि हॉलबाहेर काढलं. आठवीतल्या मुलीनं सख्ख्या बापाला! ही हसलीही नाही आणि रागावलीही नाही. उठली, खुर्ची जागेवर ठेवली आणि कणीक मळायला गेली.

१९ मार्च
मान आखडली. तालमीमुळे. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. म्हटलं, अभ्यास.

२६ मार्च
हॉल तिकिटं आली. माझा फोटो भारदस्त आलाय. प्रमुखांच्या दाराबाहेर लावावा असा. हिनं तिचं तिकीट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, नीट बघा. मी नीट पाहिलं. म्हटलं, जरा हसायचं होतंस. तिनं तिकीट परत घेतलं, पिशवीत घातलं आणि चेन लावली.

३० मार्च
उद्यापासून परीक्षेची रजा. शिडीनं बेस्ट लक म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरचा प्रामाणिकपणा बघून अंगावर काटा आला. किती सराईत असतात माणसं!
जेवणाच्या सुटीत प्रमुखांच्या खुर्चीत बसून पाहिलं. उंची थोडी कमी करावी लागेल. खिडकीतून थेट गेट दिसतं, ते चांगलं.

९ एप्रिल
रजेत एवढी झोप का येते कळत नाही. ऑफिसात तर इतकी येत नाही.
माझा वाटा तसा सोपा आहे. अर्थ, व्याख्या, महत्त्व ही माणसाला आतूनच सुचतात. त्यासाठी पुस्तक उघडून स्वतःचा गोंधळ कशाला वाढवायचा? फायदे-तोटेही ऑप्शनला टाकले. हिच्याकडे सगळं आहेच.

१३ एप्रिल, सोमवार. पहिला पेपर. परत आल्यावर लिहितोय.
विश्वासघात. याला दुसरा शब्द नाही.
सकाळी जोडीनं निघालो. हिनं वेणी घातली नव्हती, अंबाडाच होता, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. कॉलेजच्या फाटकाशी नंबरांचा फलक. मी माझा नंबर शोधला, मुख्य इमारत, दुसरा मजला. वळून बघतो तर ही लायब्ररीमागच्या नव्या इमारतीकडे चाललेली. हाक मारली. म्हटलं, अगं, इकडे. ती म्हणाली, माझा नंबर तिकडे आहे. आणि गेली.
धावत जाऊन तिचं हॉल तिकीट वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. त्यावर हिचं माहेरचं नाव! माहेरचं आडनाव! लग्नाला सतरा वर्षं झाली, आठवीतली मुलगी आहे, आणि बाई परीक्षेला माहेरच्या नावानं बसली. मधल्या सगळ्या संसारावर एका ओळीत पाणी.
माझ्या पुढच्या बाकावर एक आडदांड गृहस्थ. पाठ म्हणजे कपाटाचं दार. मी सवयीनं एकदा खोकलो. त्यानं मागे वळून खोकल्याची गोळी दिली. मग दोनदा खोकलो. त्यानं अख्खं पाकीट दिलं. पहिल्या अर्ध्या तासात तो पेपर देऊन निघूनही गेला आणि माझ्यासमोर नुसता फळा उरला. फळ्यावर शुभेच्छा लिहिल्या होत्या.
प्रश्न सगळे गणितांचे. हिच्या वाट्याचे. एकही व्याख्या विचारली नव्हती. विद्यापीठही हिला सामील आहे की काय?
तरी मी हार मानली नाही. पहिला प्रश्न, गणित सोडवा. मी त्या गणिताचं महत्त्व लिहिलं. दीड पान.
बाहेर आलो. ही घंटा झाल्यावरही बऱ्याच वेळानं आली. बरोबर दोन बायका, तिघी कसल्याशा उत्तराचा ताळा जुळवत होत्या. जुळला म्हणून हसल्या. रस्ताभर मी एक शब्द बोललो नाही. तिनंही विचारलं नाही की का बोलत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, मला आधी सांगायचं नाही का? म्हणाली, फॉर्म भरताना विचारलं होतं, हॉल तिकीटही दाखवलं होतं. म्हटलं, पण आपलं ठरलं होतं. म्हणाली, तुमचं ठरलं होतं. म्हटलं, तू गप्प बसलीस, म्हणजे कबूल केलंस. तर ही म्हणते, नाही, करार कायद्यात गप्प बसणं म्हणजे स्वीकार धरत नाहीत, स्वीकार कळवावा लागतो. पान नंबरसकट सांगितलं. तो धडा मी तिला दिला नसता तर आज हे ऐकावं लागलं नसतं.

१४ एप्रिल
उद्या कॉस्टिंग. ही म्हणाली, बसा, निदान दोन पद्धती समजावून सांगते, पास होण्यापुरतं होईल. मी बाणेदारपणे नकार दिला. ज्यानं पाठीत खंजीर खुपसला त्याच्याकडून शिकवणी घ्यायची नाही. थोड्या वेळानं कन्येला पाठवलं, चहा आणि एक सोडवलेलं गणित घेऊन. चहा घेतला. गणित परत केलं.

१५ एप्रिल
कॉस्टिंग. शिडीच्या नोट्समध्ये होते तेच प्रश्न आले, असं ही म्हणाली. म्हणजे हिनं नोट्स रद्दीत टाकल्या नव्हत्या. आणि म्हणजे नोट्स खऱ्या होत्या! शिडी किती खोल पाण्यातला आहे बघा. त्याला माहीत होतं की खऱ्या नोट्स दिल्या तर मी त्या खोट्या समजून वाचणार नाही.

१७ एप्रिल
ऑडिटिंग. ऑडिटरच्या कर्तव्यांवर प्रश्न. हा तर मनन केलेला! लिहायला बसलो आणि फक्त हिचा वाचतानाचा आवाज आठवला. शब्द नाही आठवले. आवाज तेवढा आठवला, अगदी स्पष्ट.

२२ एप्रिल
शेवटचा पेपर झाला. एकूण विचार करता बरं गेलं. मी एकही प्रश्न कोरा सोडलेला नाही. परीक्षक सुजाण असेल तर त्याला कळेल की या माणसाची मूळ संकल्पना पक्की आहे. ही म्हणते तिला टॅक्सचा शेवटचा भाग कठीण गेला. मी मोठ्या मनानं धीर दिला. म्हटलं, नापास झालीस तरी घरात कोणी काही बोलणार नाही.

४ मे
ऑफिस. प्रमुखांना विभागात काय काय बदल करावे लागतील ते सांगितलं. चलनं टेबलाच्या डावीकडून यावीत, उजवीकडून जावीत. शिडीनं मान डोलावली. त्याला गेटवरच्या नोंदीला बसवायचं मनात आहे. राग म्हणून नाही, अनुभव मिळावा म्हणून.

१२ जून
रिझल्ट. ऑफिसातच कळला. माझं पान शिडीच्या कॉम्प्युटरवर उघडलं, कारण माझ्या कॉम्प्युटरवर नेट मंजूर नाही. अर्थशास्त्र सुटलं. बाकी सगळं राहिलं.
मी म्हटलं, विद्यापीठाची चूक असणार, नंबर अदलाबदल झाला असेल. शिडीनं खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि पाणी आणून दिलं. मग जरा चाचरत म्हणाला, वहिनींचा बघू का? मी म्हटलं, तिचा नंबर मला पाठ नाही. तो म्हणाला, मला माहीत आहे. आणि टाइप केलं. हिचं माहेरचं नाव स्क्रीनवर आलं. फर्स्ट क्लास.
म्हणजे ही शिडीला फोन करत होती. शंका विचारायला. ती वहिनी आणि मी मात्र काका, हे नातं कसं लागतं तेही मला कळेना. दोघांनी मिळून माझ्या पाठीमागे अभ्यास केला.
दुपारभर शिक्के मारले. तिरके पडले.

१२ जून, संध्याकाळ
घरी आलो तर हिला रिझल्ट कधीच कळलेला होता. तरी बोलली नव्हती. मला म्हणाली, आधी हातपाय धुवा. मग म्हणाली, ऑक्टोबरला परत बसता येईल. एवढंच. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसत होता आणि ती तो माझ्यापासून लपवत होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं. भांडली असती, मिरवली असती, तरी चाललं असतं. पास झालेल्या बाईला स्वतःच्याच घरात तोंड बारीक करून वावरावं लागतंय, आणि ते माझ्यामुळे, हे बघून मी हातपाय पुन्हा धुऊन आलो. अभिनंदन म्हणायचं राहून गेलं.

१५ जून
साहेबांनी बोलावलं. जागा शिडीला. म्हणाले, ऑक्टोबरपर्यंत थांबलो असतो, पण मार्क पाहिले. शिडी माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, काका, तुम्ही सांगितलेलं डावीकडून-उजवीकडून मी लगेच सुरू करतो. माझीच योजना, माझ्याच समोर, माझ्याच नावानं राबवणार. याला काय म्हणावं ते कुठल्याच व्याख्येत सापडत नाही.

२१ जून, रविवार
सीए बाईंनी हिच्यासाठी छोटा चहापानाचा कार्यक्रम ठेवला. जिन्यातली चार घरं आली होती. मीही गेलो, चांगला शर्ट घालून. मोठ्या मनानं. यशस्वी स्त्रीमागे जो पुरुष असतो तो कसा दिसतो हे लोकांना कळायला हवं.
कोणीतरी हिला विचारलं, घर सांभाळून कसं जमवलंत? ही म्हणाली, यांच्यामुळे. सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. मग ही म्हणाली, यांनी सगळे अवघड धडे मलाच दिले होते.
टाळ्या पुन्हा वाजल्या, मीही वाजवल्या. मग सीए बाई माझ्याकडे बघायला लागल्या आणि कन्येनं तोंड कपात घातलं. तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. हिचा आवाज अगदी सरळ होता. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मला भयंकर लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. लाज वाटली आणि घरी जावंसं वाटलं, पण घर वरच्याच मजल्यावर होतं आणि सगळे जिन्याच्या तोंडाशी उभे होते. म्हणून बिस्किटं खात बसलो.

२२ जून
काल रात्रीच विचारायचं होतं, ते आज सकाळी विचारलं. ही केस विंचरत होती. म्हटलं, त्या प्रतिज्ञापत्राचं खरं काय ते सांग. वेळ नव्हता की विसरलीस?
म्हणाली, दोन्ही नाही. खिडकीवरच्या क्लार्कनं सांगितलं होतं की एक कागद जोडला तर नवीन नावानं नंबर पडेल, मिस्टरांच्या शेजारीच येईल. मी जोडला नाही.
म्हटलं, मुद्दाम?
म्हणाली, हो. मुद्दाम.
मी म्हटलं, का?
तिनं फणीतले केस काढले. मग म्हणाली की तुम्ही मागे असता तर मला एक ओळ लिहिता आली नसती. कोपर आत घे, सरळ बस, खाली बस, अक्षर मोठं काढ. ते मी रोजच ऐकते. तीन तास मला एकटीला बसायचं होतं.
म्हणजे मी इतके महिने जे म्हणत होतो ते खरंच होतं. हिनं मला दगा दिला. ठरवून, समजून-उमजून दिला. आता ती स्वतः म्हणाली. माझा मुद्दा शंभर टक्के सिद्ध झाला आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. रागही येईना. नुसतं वाईट वाटलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत हिनं माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही, आणि जे हवं होतं ते असं लपून घ्यावं लागलं. तीन तास.
मी म्हटलं, मी तुला माफ केलं. तिनं फणी खाली ठेवली आणि विचारलं, कशाबद्दल?


२७ जून
नवा बेत. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं. या खेपेला ऑप्शन नाही, सगळं करायचं. खोली कन्येला परत दिली, बैठकीतलं टेबल घेतलं. वेळापत्रक एकाच रंगात. हिला म्हटलं, तू शेजारी बसून समजावून सांग, आता मी मनापासून ऐकेन, डोळे उघडे ठेवून. आणि खरंच ठेवणार होतो.
ती म्हणाली, रविवारी बसूया. सोमवारपासून मला वेळ नसेल. सीए बाईंकडे कामाला लागतेय.
मला न विचारता. पण मी ते बोललो नाही.

२८ जून, रविवार
बसलो. हिनं कॉस्टिंगचं पहिलं गणित करून दाखवलं. छान समजावते. सगळं कळलं. मी म्हटलं, एवढं सोपं होतं, उगाच घाबरत होतो. ती म्हणाली, आता पुढचं तुम्ही करा. मी म्हटलं, उद्या करतो, डोकं ताजं असताना.

२९ जून, सोमवार
एक दिवसाची रजा टाकली, अभ्यासासाठी. कन्या शाळेत गेली. ही साडेनऊला निघाली. पिशवीत पेन, डबा आणि कॅल्क्युलेटर. दारात थांबून म्हणाली, चहा झाकून ठेवलाय. म्हटलं, जा, उशीर होईल. आणि अभिनंदन म्हटलं. उशिरा का होईना. ती हसली आणि जिना उतरून गेली.
दहाला बसलो. दुसरं गणित उघडलं. कालच्यासारखंच आहे, आकडे तेवढे वेगळे. पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीला अडलो. हा आकडा वर घ्यायचा की खाली? सवयीनं आत हाक मारली, अगं, जरा इकडे ये.
आणि थोडा वेळ वाट बघितली.